सुधारकरावांची उजळणी

गणितात नापास झालेल्या माणसाला शिकवणं फार अवघड नसतं. फक्त तो माणूस आपला बाप नसावा. आणि असलाच, तर निदान "समजलं, समजलं" म्हणत मान डोलवणारा नसावा. हे कोणी नीरजाला वेळेवर सांगितलं असतं तर मेहकरातल्या त्या एका गल्लीचा अख्खा उन्हाळा शांततेत गेला असता. पण नीरजाला कोणी काही सांगायची सोयच राहिली नव्हती. नववीत तिला गणितात एक्क्याण्णव मार्क पडले होते, आणि तेव्हापासून ती दूधवाल्याशीसुद्धा "समजा" असं म्हणूनच बोलायला सुरुवात करायची.

सुरुवात झाली ती बाबांच्या मोबाईलपासून. दहावीचा निकाल लागला त्या दुपारी सुधाकररावांनी मोबाईल तिच्यापुढे धरला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जरा पाहून सांग बरं. एका मानसाचा निकाल हाये. ऑफिसातल्या."

नीरजाने पाहिलं. मराठी पास, हिंदी पास, इंग्रजी काठावर पण पास, विज्ञान, समाजशास्त्र, सगळं पास. गणितापुढे सत्तावीस. मग तिने वरचं नाव वाचलं.

"बाबा, ह्या ऑफिसातल्या मानसानं तुमचं नाव काऊन लावलं?"

सुधाकररावांनी खिडकीबाहेरची नजर आणखी लांब नेली. "बुलडाण्याले ट्रेनिंग होती नं मार्चमधी," ते म्हणाले, "ते ट्रेनिंग नव्हती."

आता इथे गोष्ट थोडी थांबवून एक सांगितलंच पाहिजे. सुधाकरराव कचेरीत शिपाई होते. गल्लीत मात्र ते 'बाबूजी' होते. शर्टाला रोज इस्त्री, खिशाला पेन, आणि गल्लीतल्या यच्चयावत लोकांचे फॉर्म भरून द्यायची हौस, एवढ्या भांडवलावर गल्लीने त्यांना परस्पर क्लार्क करून टाकलं होतं. ते स्वतः खोटं कधी बोलले नाहीत. कोणी "बाबूजी" म्हटलं की "ओ" म्हणायचे, बस्स. कचेरीत साहेबांची घंटी वाजली की उठायचे, आणि घरी येऊन गल्लीचे बाबूजी व्हायचे. आता खरोखरच एक क्लार्कची जागा निघाली होती. अट एकच, दहावी पास. पुरवणी परीक्षेत गणित निघालं तर जागा त्यांची. नाही निघालं तर त्यांच्यानंतर नोकरीला लागलेला पोरगा तिथे बसणार, आणि घंटी तो वाजवणार.

"गल्लीले समजलं नाई पायजे," सुधाकरराव म्हणाले.

"मी आहे नं," नीरजा म्हणाली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शकुंतलाबाई फार बोलत नसत, पण बोलल्या की ते खरं व्हायचं. त्या एवढंच म्हणाल्या, "झालं मग."

नीरजाने मोहिमेला नाव दिलं 'उजळणी', कारण शाळेतल्या मॅडम परीक्षेआधी हाच शब्द वापरायच्या. पहिल्या दिवशी तिने वेळापत्रक केलं. बीजगणित हिरव्यात, भूमिती निळ्यात, सांख्यिकी जांभळ्यात, विश्रांती गुलाबीत. दुसऱ्या दिवशी ते आणखी सुबक केलं. तिसऱ्या दिवशी जांभळा स्केचपेन संपला म्हणून सांख्यिकी काढून टाकायची की नवा पेन आणायचा यावर बापलेकीची चर्चा झाली. "येळापत्रकाचा पेपर असता तं हे पहिले आले असते," आई आतून म्हणाली.

मग चिठ्ठ्या. सूत्रं सतत डोळ्यांपुढे पाहिजेत, हा नीरजाचा सिद्धांत. त्रिकोणाचं क्षेत्रफळ आरशावर, अंकगणिती श्रेढी फ्रिजवर, पायथागोरस न्हाणीघराच्या दारावर. पाण्याच्या माठावर तिने शंकूचं घनफळ लावलं, कारण माठ तिला जरा शंकूसारखा वाटला. सुधाकरराव जाता-येता प्रत्येक चिठ्ठीला नमस्कार केल्यासारखे थांबायचे, ओठ हलवायचे आणि पुढे जायचे. आठवड्याभरात त्यांना सूत्र पाठ झालं नाही, पण कोणती चिठ्ठी कुठे आहे हे इतकं पाठ झालं की गणित घातलं की ते आधी घरातली जागा सांगायचे. "हे... हे फ्रिजवरचं हाये."

आणि अशातच विरजण मागायला तानाबाई आल्या.

तानाबाई शेजारच्या घरातल्या. गल्लीत कुठे काय शिजतंय हे त्यांना झाकण उघडायच्या आधी कळायचं. त्या वाटी घेऊन आत आल्या, दारावरचा पायथागोरस पाहिला, हनुवटीवर बोट ठेवलं. मग फ्रिजवरची श्रेढी पाहिली. माठावरचा शंकू पाहिल्यावर मात्र त्यांनी वाटी खाली ठेवली.

"शकुंतले, हे काय लावलं वं माय? बाधा-गिधा झाली का घरात?"

सुधाकरराव पुस्तक घेऊन खुर्चीवर होते. त्यांनी ते असं काही पोटाखाली दाबलं की पुस्तकाची पानं कण्हल्यासारखी वाजली. आईने नीरजाकडे पाहिलं. नीरजाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

"उजळणी चालू हाये," आई म्हणाली. "पोरीची."

खोटं तसं अर्धंच होतं. उजळणी चालूच होती, आणि चालवत होती पोरगीच. पण तानाबाईंच्या कानात जाताना त्याचं जे व्हायचं ते झालं. त्यांनी नीरजाच्या गालावरून हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "गणितात गेली का वं? जाऊ दे. रडू नको."

"मी? मला एक्क्याण्णव आहेत!"

"हाव न बाई, हाव," तानाबाई म्हणाल्या. विरजण घेतलं आणि गेल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीने निकाल जाहीर केला. नीरजाचे एक्क्याण्णव मार्क सगळ्यांना आधीच माहीत होते, कारण ते तिनेच घरोघरी सांगितले होते. त्यामुळे नापास झाल्याच्या बातमीत एक अडचण होती, पण तानाबाईंनी ती ओट्यावर बसल्या बसल्या सोडवली. "एक्क्याण्णव नसतीन ते. एकोणीस असतीन. पोट्टीनं आकडा उलटा वाचला."

गल्लीला हे इतकं पटलं की विचारू नका.

नीरजाने रात्री जेवताना ताट बाजूला सारलं. "मी उद्या मार्कशीट घेऊन घरोघरी जाते."

सुधाकररावांनी पोळीचा एक तुकडा मोडला, तो पुन्हा मोडला, आणि मग तुकड्यांकडे बघत राहिले. कचेरीत घंटी वाजल्यावर ते कसे उठत असतील, हे नीरजाला त्या क्षणी का दिसलं कोण जाणे. तिने ताट पुन्हा पुढे ओढलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "एकोणीस तर एकोणीस. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

तिला वाटलं होतं तेवढं हे त्यागाचं प्रकरण सोपं निघालं नाही. त्याग एकदाच करायचा असतो तर कोणीही करेल. इथे तो रोज सकाळी दात घासताना, गल्लीतल्या प्रत्येकाचा सल्ला ऐकत करावा लागत होता. कोणी म्हणे भिजवलेले बदाम खा. कोणी म्हणे पहाटे उठ, कोणी म्हणे पहाटे उठल्यानेच डोकं फिरतं. समोरच्या घरातली मंडळी शेगावला गेली होती, त्यांनी गजानन महाराजांचा अंगारा आणून दिला आणि तो वहीला लावायचा की कपाळाला यावर दोन बायकांचं वाजलं. पाचवीतली एक चिमुरडी येऊन म्हणाली, "ताई, माह्या भागाकाराचं पुस्तक देऊ का तुले?" नीरजाने ते घेतलं. नाही म्हटलं असतं तर ती रडली असती. घेतल्यावर नीरजा रडली.

आणि मग वामनराव गुरुजी आले.

वामनराव गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांच्या हातचा मार खाल्लेले विद्यार्थीसुद्धा आता निवृत्त होत होते. तानाबाईंकडून त्यांना फक्त एक शब्द कळला होता, 'उजळणी'. नीरजाच्या मॅडमच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काही असो, गुरुजींच्या लेखी उजळणी म्हणजे एकच, पाढ्यांचं पातळ पुस्तक. त्यांनी पेटीच्या तळातून आपली उजळणी काढली, तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि संध्याकाळी ती घेऊन ओट्यावर हजर झाले. त्यांना भरून आलं होतं.

"आजकाल कोनी उजळणी करत नाई," ते म्हणाले. "तू करून राह्यली. शाब्बास. उभी राह्य."

"गुरुजी, ती उजळणी नाही, रिव्हिजन..."

"पावकी येते?"

"काय?"

"निमकी? पाऊणकी? दिडकी?" प्रत्येक 'काय'गणिक गुरुजींचा चेहरा उतरत गेला. "औटकी तरी?"

औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे नीरजाला त्या संध्याकाळी कळलं, आणि पुढे जन्मभर विसरायची सोय राहिली नाही. रोज दिवेलागणीला गुरुजी यायचे, नीरजा ओट्यावर उभी राहायची आणि सगळ्या गल्लीसमक्ष खड्या आवाजात म्हणायची, "एक औट साडेतीन! बे औट सात! तीन औट साडेदहा!" एक्क्याण्णव मार्कांची मुलगी! खाली पोरांचं क्रिकेट थांबायचं. आठव्या दिवशी पोरांनी धावासुद्धा औटकीत मोजायला सुरुवात केली, त्यावरून भांडणं झाली.

"सिलॅबसमधे साडेतीनचा पाढाच नाही!" नीरजा आत येऊन उशीवर बुक्क्या मारत म्हणायची.

"हाव नं," सुधाकरराव म्हणायचे. "पण चाल मस्त हाये." ते ओट्यालगतच्या खोलीत पेपर वाचायचं सोंग घेऊन बसायचे, आणि पेपराआडून पाय ताल धरायचा. सूत्राने ज्या डोक्यात शिरायला नकार दिला त्या डोक्यात औटकी चप्पल न काढता शिरली. सायकलवर बसताना एक औट, कचेरीचा जिना चढताना चोक औट. "अकरा औट साडेअडतीस" यावर तर त्यांचं इतकं प्रेम बसलं की दाढी करताना ते तेवढंच म्हणायचे.

खऱ्या अभ्यासाची गत मात्र बरी नव्हती. नीरजा उदाहरण सोडवून दाखवायची आणि सुधाकरराव मान डोलवायचे. "समजलं." दुसरं. "हे तं एकदम समजलं." ते सोडवलेली उदाहरणं पेपर वाचल्यासारखी वाचत, आणि बातमी चांगली असली की चेहरा समाधानी होई. एक दिवस नीरजाने पुस्तक मिटलं, तेच उदाहरण कोऱ्या कागदावर लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

सुधाकररावांनी कागद पाहिला. मग सवयीने फ्रिजकडे पाहिलं. फ्रिजवर ते नव्हतं.

"बाबा, तुम्हाला हे समजलं होतं नं?"

"तू सांगत होती तवा समजलं होतं," सुधाकरराव म्हणाले. "तू चूप बसली अन् गेलं."

नीरजा खरोखरच चूप बसली. अशी ती नववी पास झाल्यापासून पहिल्यांदाच बसली असावी. तिच्या लक्षात आलं की एवढे दिवस उजळणी झाली ती तिचीच. बाबा फक्त प्रेक्षक होते. तिने उठून घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. वेळापत्रक आईने गव्हाच्या डब्याखाली घालायला मागून घेतलं. मग नीरजा जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता मी नापास आहे. सगळी गल्ली म्हणतेच आहे. तुम्ही मला शिकवा."

"मी? तुले?"

"दोन क्ष वजा पाच बरोबर नऊ. मला काहीच येत नाही. बोला."

सुधाकररावांनी खूप वेळ डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, "हे पाय. हा क्ष म्हंजे रजेवर गेलेला मानूस. कुठी हाये कोनाले मालूम नाई, पन टेबलावर त्याची फाईल हाये. बरोबरचं चिन्ह म्हंजे सायबाच्या केबिनचं दार. आता हा वजा पाच बाहेर तोंड पाडून उभा हाये. ह्याले आत पाठवला. आत जाताना तोंड पाडून चालते का? हसून जा लागते. म्हून आत गेला का अधिक पाच."

"मग?"

"मंग नऊ अन् पाच चौदा. दोन क्ष म्हंजे एका कामाले दोन मानसं. काम वाटून द्या. क्ष बरोबर सात." ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांनाच आश्चर्याने आठवून पाहावं लागलं. "आलं का वं हे?"

"आलं," नीरजा म्हणाली. तिच्या मॅडमनी केबिनचं दार कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून घरात शिकवायचे बाबा, आणि नीरजा अशा काही मठ्ठ शंका काढायची की तानाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकून उसासा टाकावा. जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या. पुस्तक मिटून, मोबाईल आईच्या ताब्यात देऊन, अगदी परीक्षेसारखं बसायचं. जे येतं ते आधी, जे येत नाही त्याच्या नादी लागायचं नाही, आणि उत्तर नाही आलं तरी पायऱ्या लिहायच्या, पायऱ्यांना मार्क असतात. चुकलेलं उदाहरण दोन दिवसांनी पुन्हा समोर यायचं, पाहुण्यासारखं न सांगता. सुधाकरराव त्यातली निम्मी पुन्हा चुकवत, पण निम्मी चुकवत नसत, आणि ही निम्मी हळूहळू आवाज वाढवत होती.

सगळं असं रुळावर येत असताना हॉल तिकीट आलं.

गल्लीभरचे फॉर्म भरणाऱ्या सुधाकररावांनी स्वतःचा फॉर्म मात्र नीरजाला भरू दिला होता. "माझ्यावर सोडा," असं ती तीनदा म्हणाली होती. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, एका दमात तिने तो भरला होता. आता हॉल तिकिटावर बाबांचा फोटो, बाबांची सही, आणि वर नाव छापलेलं: सुधारक.

"के अन् आर अदलाबदल झाले," नीरजा बारीक आवाजात म्हणाली.

आई भाजी चिरत होती. "मंग तानाबाई काही चुकीचं म्हनत नाई," ती म्हणाली. "उलटं वाचत नसशील, लिवते तं खरं."

दुसऱ्या दिवशी बापलेक जिथे फॉर्म दिला होता त्या शाळेच्या ऑफिसात गेले. तिथले क्लार्क किसनराव यांनी हॉल तिकीट जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा काढून धरलं.

"नाव तं चांगलं हाये," ते म्हणाले. "सुधारक. राहू द्या की."

"पण ते माझं नाई नं."

"तुमचं कोनतं?"

"सुधाकर."

"पुरावा?"

सुधाकररावांनी आधार कार्ड काढलं. त्याची झेरॉक्स लागते, झेरॉक्सवर सही लागते, सही करणारे साहेब जेवायला गेलेत, जेवून आले की ते मीटिंगला जातात, हे सगळं किसनरावांनी अतिशय आपुलकीने सांगितलं. सुधाकररावांनी प्रत्येक वाक्यावर मान हलवली. ही वाक्यं ते स्वतः कचेरीच्या दारात उभे राहून लोकांना सांगत आले होते. "मीटिंगमधून कोनत्या दारानं निघतेत सायेब?" एवढंच त्यांनी विचारलं. किसनरावांनी चमकून पाहिलं. धंद्यातला माणूस ओळखू येतोच. चहा झाला. अखेर हॉल तिकिटावर पेनाने 'क' आणि 'र' जागेवर आले आणि वर गोल शिक्का बसला.

"पन सेंटरच्या यादीत सुधारकच राहीन," किसनराव म्हणाले. "तिथं पुकारलं का ओ म्हना. काय फरक पडते?"

फरक पडणार होता, पण ते किसनरावांना कसं कळावं.

परीक्षेच्या सकाळी सुधाकररावांचा बेत साधा होता. इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीसारखं कचेरीला निघायचं आणि वळणावरून बसस्टँडमागच्या शाळेकडे वळायचं. दार उघडलं तर बाहेर गल्ली उभी होती. तानाबाईंच्या हातात दही-साखरेची वाटी. कोणी पेन आणलेलं, कोणी फूल. "दुसऱ्या शायेत बसवतेत म्हने नापासाईले," तानाबाई बायकांना समजावून सांगत होत्या, "लाज वाटाव म्हून." चिमुरडी भागाकाराच्या पुस्तकासकट आली होती. आणि वामनराव गुरुजी धुवट धोतर नेसून, छत्री घेऊन तयार. "मी येतो गेटपर्यंत सोडाले. रस्त्यानं उजळणी होईन."

नीरजाने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या हातात पॅड, पट्टी, कंपासपेटी होती. त्यांनी ते सगळं हळूच तिच्या हातात दिलं.

काय करणार? ती दप्तर पाठीला लावून पुढे झाली. तानाबाईंनी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली, ती तिने गिळली. "पास होशील हो माय," तानाबाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या मनापासून म्हणाल्या की नीरजाला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही.

रस्ताभर गुरुजी विचारत होते आणि नीरजा सांगत होती. मागून सुधाकरराव चालत होते. त्यांच्या शर्टाची इस्त्री पाठीवर घामाने गेली होती. "सात औट?" "साडेचोवीस." "नऊ औट?" "साडेएकतीस." नीरजा बोलत होती तोंडाने, डोक्यात गणित वेगळंच चाललं होतं. गेटवर गुरुजींना कसं कटवायचं? छत्री हरवावी का? चक्कर यावी का? आली तर आपल्याला की त्यांना?

गेटवर पोरांची झुंबड होती. एक सर यादी घेऊन उभे होते. "परीक्षार्थी आत, पालक बाहेर! चला, चला, वेळ झाली!"

गुरुजींनी नीरजाच्या पाठीवर थाप मारली. "जा बेटा."

नीरजा हलली नाही. "गुरुजी, तुम्ही निघा नं. ऊन वाढतंय."

"तू आत गेली का निघतो."

"तुम्ही निघाले की मी जाते."

"अशी कशी पोट्टी हाये बे ही!" गुरुजी म्हणाले. तोवर पोरांची झुंबड आत गेली होती. सरांनी यादीवर बोट ठेवलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "सुधारक! सुधारक कोण आहे? एकच राह्यला! आला का सुधारक?"

गेट लावायला शिपाई पुढे आला. सुधाकररावांनी त्या शिपायाकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला अजून दही लागलं होतं. त्यांनी पुढे होऊन तिच्या हातातून पॅड घेतलं, पट्टी घेतली, कंपासपेटी घेतली.

"मी," ते म्हणाले. "मी हावो."

सरांनी वर पाहिलं. गुरुजींनी छत्री खाली टेकली.

"बाबूजी, तुमी कायले?"

"बाबूजी नाई, गुरुजी. मी शिपाई हावो. दहावीच्या गणितात मी गेलो. ही नाई गेली." सुधाकररावांचा आवाज कापत होता, पण मोठा होता. साहेबांच्या केबिनमध्ये पाणी ठेवताना काढायचा तो हा आवाज नव्हता. "हिले एक्क्याण्णव मार्क हायेत. सुलटे एक्क्याण्णव. गल्लीत सांगा सगळ्याईले."

नीरजाला बोलायचं होतं. पण तिच्याकडे त्या वेळी 'समजा' सोडून एकही शब्द नव्हता, आणि तो उपयोगाचा नव्हता.

वामनराव गुरुजींचा चेहरा एकदम काळजीत पडला. "मंग दही-साखर कोनी खाल्ली?"

"मी," नीरजा म्हणाली.

"चुकीच्या पोटात गेली नं बे!" गुरुजी हळहळले. मग त्यांनी छत्री उचलून सुधाकररावांवर रोखली. "अकरा औट?"

"साडेअडतीस!"

"पळ."

गुरुजींनी निरोप नेमका पोचवला, म्हणजे त्यांना जितका नेमका जमतो तितका. त्या संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत घरी कोणी आलं नाही. सुधाकरराव पाय आत घेऊन बसले होते. "आता कोन बाबूजी म्हनते," ते म्हणाले. मग कडी वाजली. तानाबाई होत्या; एका हातात वाटी, दुसऱ्या हातात कागद.

"परवा दुसरा पेपर हाये नं? भूमितीचा?" त्या म्हणाल्या. "ह्या खेपी वाटी थेट तुमच्याच तोंडाले लावतो. अन् बाबूजी, नातवाचा हा फॉर्म भरून द्या बरं. पेपर झाल्यावर. घाई नाई." मग नीरजाकडे वळून त्यांनी तिचा गाल ओढला. "खरंच एक्क्याण्णव होते का वं? मंग बोलली काऊन नाई?"

"बोलले होते," नीरजा म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

भूमितीच्या पेपरला दही-साखर योग्य पोटात गेली. दुपारी सुधाकरराव परत आले ते धावतच. "आला!" ते गल्लीच्या तोंडापासून ओरडले. "वर्तुळ आलं! त्रिज्या साडेतीन! क्षेत्रफळ काढा म्हने! बावीस सप्तमांश गुनिले साडेतीन, अकरा. अन् पुन्हा गुनिले साडेतीन..." क्रिकेट थांबलं, आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, "साडेअडतीस!" गुरुजी ओट्यावर बसले होते. त्यांनी आपली उजळणी धोतराच्या सोग्याने पुन्हा एकदा पुसली.

नीरजाला मान्य करावं लागलं की सिलॅबसमध्ये औटकी होती. वेष पालटून होती.

निकालाच्या दिवशी मोबाईल नीरजाच्या हातात होता आणि तिच्या खांद्यावरून अख्खी गल्ली वाकली होती. पान उघडेना. उघडलं तर फिरत राहिलं. सुधाकरराव आत, आईशेजारी, भिंतीला पाठ लावून उभे होते.

"गणित," नीरजाने वाचलं. तिने डोळे मिटले, उघडले, दोन्ही आकडे एकेक करून, डावीकडून उजवीकडे, बोट ठेवून तपासले. "अडतीस. पास!"

पुढचा वेळ गोंधळात गेला. तानाबाईंनी सुधाकररावांच्या तोंडात पेढा कोंबला. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता फ्रिजवर काही लावू नका." चिमुरडीने भागाकाराचं पुस्तक परत मागितलं. सुधाकरराव खुर्चीवर बसले आणि का कोण जाणे, कान देऊन राहिले, जणू कुठे घंटी वाजते का ते पाहत होते. वाजली नाही. मग त्यांनी पाय वर घेतले.

"उलटं वाचलं तं त्र्याऐंशी होतेत," तानाबाईंनी सगळ्यांना ऐकवलं. "तेबी काही कमी नाईत."

वामनराव गुरुजींनी मात्र मोबाईल मागून घेतला, जवळ धरला, लांब धरला, आणि कपाळाला आठी घालून सुधाकररावांकडे पाहिलं.

"अकरा औट किती?"

"साडेअडतीस, गुरुजी."

"मंग हे अर्धं कुठी गेलं? अडतीसच दिले! मार्क फेरतपासणीले टाकाच लागते. असं सोडून चालत नाई. फॉर्म आना, आत्ताच भरू."

"द्या, मी भरते," नीरजा म्हणाली.

"नाई!" अख्खी गल्ली एकदम ओरडली, आणि सगळ्यांत मोठा आवाज सुधाकररावांचा होता.